छापले म्हणजे खरे का?



मुलगी कॉलेजसाठी १९८२ च्या गिरणी संपावर प्रकल्प लिहिते. रंगीत मासिकातून मजकूर घेते. प्राध्यापक विचारतात, "याला आधार काय?" आई म्हणते, "अहो, छापून आलंय की!" इथेच घोळ होतो. प्रत्येक छापील मजकूर हा पुरावा नसतो.

बाबासाहेबांकडे पाहा. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या संशोधनपत्रिकेत आला. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांची मते नावानिशी देऊन एकेक तपासली आहेत. वाचणाऱ्याला मूळ ग्रंथ उघडून पडताळा घेता येतो. हीच संशोधनाची खूण.

पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनीच 'मूकनायक' काढले. ते पाक्षिक सामान्य माणसाला जागे करण्यासाठी होते. म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही. दोघांचे काम वेगळे, एवढेच.

मग ओळखायचे कसे? लेखक कोण, कुठे शिकवतो, हे दिले आहे का? तळटीपा व संदर्भांची यादी आहे का? माहिती कशी गोळा केली ते सांगितले आहे का? छापण्यापूर्वी त्या विषयाच्या तज्ज्ञांनी लेख तपासला का? उत्तर 'होय' असेल, तर ती संशोधनपत्रिका. चकचकीत कागद पाहू नका, नावावरही जाऊ नका. आपल्या मुंबईतून १९६६ पासून निघणारे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' नावाने साप्ताहिक आहे. पण त्यात संशोधनलेख असतात. त्याच अंकात संपादकीय व भाष्यही असते. म्हणून अंक नव्हे, लेख तपासावा.

आणखी एक सावधगिरी. "पैसे भरा, आठवड्यात छापतो" म्हणणाऱ्या पत्रिकाही आहेत. तिथे कोणी काही तपासत नाही. पीएच.डी. करणाऱ्या मुलांनी आईबापांच्या घामाचा पैसा तिथे घालवू नये.

मासिके जरूर वाचा. गिरणी कामगाराची आठवण मासिकातच सापडेल, आणि तीही मोलाची आहे. पण ती आठवण म्हणूनच लिहा. आकडा, निष्कर्ष लिहिताना आधार दाखवा. आपल्या मुलांचे म्हणणे कोणी सहज खोडून काढू नये, यासाठीच हा खटाटोप.