भुतांची फेरी आणि दडवलेले खटले

‘अठरा वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही.’ स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरा शहराच्या जुन्या भागात एका पाटीवर ही अट वाचली आणि आमच्यातला वकील जागा झाला. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झालेला माणूस कायद्याने सज्ञान. करार करायला, मत द्यायला आणि सत्य ऐकायला लायक. तेव्हा मुलांना ऐकवता येणार नाही असे कोणते सत्य ही मंडळी सज्ञानांना सांगणार आहेत? पाटी होती रात्रीच्या ‘भुतांच्या फेरी’ची. पैसे भरायचे, काळा झगा घातलेल्या वाटाड्याच्या मागे दोन तास गल्ल्या, तळघरे आणि कबरस्तान पालथे घालायचे, आणि घाबरून घरी जायचे!

भुताखेतांवर आमचा विश्वास नाही हे वाचकांना सांगण्याची गरज नसावी. मग गेलो कशाला? त्याचे असे झाले. लंडनला आम्ही बाबासाहेबांचे १० किंग हेन्रीज रोडवरचे घर पाहायला गेलो होतो. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब शिक्षणासाठी त्या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतले. पण तिथे संग्रहालय असू द्यायचे की नाही यावर स्थानिक नगरपालिकेशी वाद झाला, चौकशी बसली आणि २०२० साली परवानगी मिळाली. तिथून एडिनबराला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाकडे गेलो. तो तिथे शिकतो. ‘काका, एकदा बघाच,’ असा त्याने आग्रह धरला आणि आम्ही वीस-पंचवीस गोऱ्या पर्यटकांच्या घोळक्यात उभे राहिलो.

प्रथम तळघरे. साउथ ब्रिज हा पूल १७८८ साली खुला झाला. एकोणीस कमानींचा पूल, पण आज त्यातली एकच कमान नजरेस पडते. बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींआड गेल्या. कमानींच्या पोटात कोठड्या काढून दुकानदारांना, कारागिरांना भाड्याने दिल्या होत्या. वरून पाणी झिरपू लागले तसे ते निघून गेले. त्यांच्या जागी कोण आले? ज्यांना शहरात दुसरीकडे जागा नव्हती ते. आयर्लंडहून पोटासाठी आलेले, बेघर, मजूर. उजेड नाही, वारा नाही, पाणी नाही. पुढे त्या कोठड्या बुजवल्या गेल्या आणि जवळजवळ विस्मरणात गेल्या. १९८०च्या दशकात त्या पुन्हा सापडल्या, आणि सापडल्या त्या भुतांसकट! वाटाड्याने मेणबत्ती विझवली, मागून कोणीतरी किंचाळले, आणि आम्हीही दचकलो हे प्रामाणिकपणे कबूल करतो. पण दचकणे ओसरल्यावर प्रश्न उरला, की माणसांना अशा बिळात कोणी राहायला लावले? भाडे कोण घेत होते? यावर वाटाड्या एक अक्षर बोलला नाही. त्याला दोष देत नाही. कॉलेजात शिकणारा पोरगा, गोष्ट सांगण्यात पटाईत. त्याला ज्याचे पैसे मिळतात तेच तो सांगणार.

मग आली बर्क आणि हेअर यांची गोष्ट. ही तिथली सर्वांत लोकप्रिय. १८२८ साली या दोघांनी सोळा माणसे मारली आणि त्यांची प्रेते डॉक्टर रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला विकली. सुरुवात खुनाने झालीच नव्हती. हेअरच्या खानावळीत राहणारा एक म्हातारा चार पौंड भाडे थकवून आजाराने मेला. त्याचे प्रेत साडेसात पौंडांना विकले गेले. मेलेल्या गरिबाची किंमत जिवंतपणीच्या त्याच्या कर्जाहून जास्त निघाली, आणि दोघांना धंदा सापडला. त्यांनी निवडलेली माणसे कोण? भटकी, एकटी, दारूच्या आहारी गेलेली, वेडसर ठरलेली. ज्यांना शोधत कोणी येणार नाही अशी.

वाटाड्याने गळा दाबण्याची पद्धत साभिनय करून दाखवली. आम्ही मात्र खटल्याकडे पाहत होतो. हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कच्या सोबतिणीविरुद्ध आरोप ‘सिद्ध झाला नाही’ असा त्या काळच्या स्कॉटिश कायद्यातला तिसरा निकाल लागला. बर्क २८ जानेवारी १८२९ रोजी फासावर गेला. त्याचा सांगाडा आजही तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. आणि प्रेते विकत घेणारे डॉक्टरसाहेब? त्यांच्यावर खटलाच झाला नाही. प्रतिष्ठित माणसाने प्रश्न न विचारता माल घेतला की तो निर्दोष, हा न्याय आम्हाला ओळखीचा वाटला.

खरी भीती याच्या पुढे आहे, आणि ती कोणत्याही फेरीत सांगत नाहीत. १८३२ साली ब्रिटिश पार्लमेंटने शरीरशास्त्र कायदा केला. त्याआधी विच्छेदनासाठी कायद्याने मिळत ती फाशी दिलेल्या खुन्यांची प्रेते. १७५२ पासून विच्छेदन हा खुनाच्या शिक्षेचाच एक भाग होता. नव्या कायद्याने ही सोय बदलली. आता ज्या मृताला कोणी वारस पुढे येत नाही त्याचा देह विच्छेदनाला देता येऊ लागला. बेवारस कोण मरतो? अनाथालयात, गरीबखान्यात मरणारा. म्हणजे काल जी खुन्याची शिक्षा होती ती आज गरिबीची शिक्षा झाली! बर्क-हेअरला फक्त मारावे लागले. कायद्याने तेवढेच वगळले. हाच साचा पुढे आपल्याकडे आला. १९४९ चा मुंबई शरीरशास्त्र अधिनियम, जो आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, तो बेवारस प्रेते वैद्यकीय संस्थांना देण्याबाबतच आहे. देहदानाला आमचा विरोध नाही. आमचे कितीतरी कार्यकर्ते देहदानाचे अर्ज भरून बसले आहेत. पण देहदानात माणसाची संमती असते. फूटपाथवर मेलेल्याला कोणी विचारले होते? डॉक्टर होणाऱ्या आमच्या मुलांनी शवागारात पहिल्या दिवशी हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही.

शेवटचा मुक्काम ग्रेफ्रायर्सचे कबरस्तान. एडिनबराचे सर्वांत नामांकित भूत इथे राहते. या भुताचे नाव सर जॉर्ज मॅकेन्झी. आणि वाचकहो, हे भूत आमच्याच धंद्यातले निघाले! मॅकेन्झी हा १६७७ पासून राजाचा सर्वोच्च सरकारी वकील. राजाचा धर्मसत्तेवरचा अधिकार न मानणाऱ्या कॉव्हेनंटर पंथाच्या लोकांना त्याने इतके फासावर चढवले की ‘रक्तपिपासू मॅकेन्झी’ हेच त्याचे नाव पडले. १६७९ च्या जूनमध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईत हरलेले सुमारे बाराशे कैदी एडिनबराला आणले आणि कबरस्तानालगतच्या मैदानात उघड्यावर डांबले. काही मेले, काही फासावर गेले, काही शपथ घेऊन सुटले. हिवाळ्यात अडीचशेच्या वर कैदी गुलामीसाठी जहाजात भरले. ते जहाज ऑर्कनी बेटांजवळ फुटले आणि बहुतेक बुडाले.

आता बघा, भूत कोणाचे झाले? बुडालेल्यांचे नव्हे, उघड्यावर गारठून मेलेल्यांचे नव्हे. भूत झाले सरकारी वकिलाचे! १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तो पर्यटकांना ओरखडे काढतो, चक्कर आणतो म्हणे. भूत व्हायलासुद्धा पदवी लागते.

आपल्याकडे याहून वेगळे नाही. आपल्या भुतांनाही जात आहे. मुंज झालेला मुलगा मेला तर मुंजा. मुंजच नसलेल्याला मुंजा होण्याचाही अधिकार नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून झाला. त्याचे ‘काका, मला वाचवा’ आजही पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते असे शाळकरी पोरेसुद्धा सांगतात. त्या अठरा वर्षांच्या मुलाच्या खुनाचे आम्हालाही दुःख आहे. पण त्याच पेशव्यांच्या राजधानीत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागलेल्या माणसांची हकीकत बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावरील भाषणात लिहून ठेवली आहे. त्या मडक्याचा आवाज कोणत्या पौर्णिमेला ऐकू येतो? ज्यांचे ओरडणे जिवंतपणी कोणी ऐकले नाही त्यांचे मेल्यावर कोण ऐकणार?

मॅकेन्झीकडे पुन्हा वळू, कारण त्याच्या थडग्यासमोर जे सांगायला हवे होते तेच राहून गेले. स्कॉटलंडमध्ये १५६३ साली चेटूकविरोधी कायदा झाला. तो १७३६ मध्ये संपला तोवर सुमारे ३८०० जणांवर आरोप झाले, त्यात शेकडा ८४ स्त्रिया. आरोप झालेल्यांपैकी अंदाजे अडीच हजार मारले गेले, बहुतेकांना गळा आवळून मग जाळले. कबुलीजबाब मिळवण्याची रीत म्हणजे दिवसेंदिवस झोपू न देणे आणि अंगात सुया टोचणे. सरकारी वकील होण्याआधी, १६६१ च्या सुमारास तरुण मॅकेन्झी अशा खटल्यांत न्यायाधीशाचे काम करत होता. आणि रक्तपिपासू म्हणवला गेलेला हाच माणूस या बायांच्या बाबतीत शंका घेणारा निघाला. १६७८ च्या आपल्या फौजदारी कायद्यावरील ग्रंथात त्याने एक हकीकत नोंदवली आहे. एका कैदी स्त्रीने त्याला गुपचूप सांगितले, की तिने गुन्हा कबूल केला तो केला म्हणून नव्हे. ती मोलमजुरी करून खाणारी बाई. एकदा चेटकीण हे नाव पडल्यावर तिला कोणी अन्न देणार नव्हते, आसरा देणार नव्हते; लोक मारणार, अंगावर कुत्री सोडणार. उपाशी मरण्यापेक्षा या जगातून सुटलेले बरे, म्हणून ती कबूल झाली.

वाचकहो, हे चेटूक नव्हे. याला आपल्या भाषेत बहिष्कार म्हणतात. गिरणीत दळण बंद, विहिरीवर पाणी बंद, दुकानात मीठ बंद, शेतात काम बंद. आमच्या गावागावांतल्या वस्त्यांनी हे सोसले आहे. जमावाने हात उचलण्याची गरजच पडत नाही, नुसते तोंड फिरवले की पुरते. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढे आणि पुन्हा १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवा अशी मागणी केली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा केला २०१६ चा, अंमल २०१७ पासून! चेटकीण ठरवण्याचेही तसेच. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून व्हावा लागला. मग काही दिवसांत वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा. स्कॉटलंडचा कायदा चेटकीण म्हणवल्या गेलेलीला शिक्षा देत होता, आपला कायदा तिला तसे म्हणणाऱ्याला देतो. फरक मोठा आहे. पण सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईला पोलीस ठाण्यापर्यंत जायचे तर वाटेत तेच गाव आहे.

कोणी म्हणेल, करमणुकीत एवढे काय शोधायचे? या फेऱ्यांमुळे निदान लोक कबरस्तानात पाऊल तरी टाकतात, हे आम्ही मान्य करतो. आक्षेप आहे तो भुताच्या सोयीस्करपणावर. भूत आले की आरोपी नाहीसा होतो. पुलाचा मालक, प्रेत घेणारा डॉक्टर, सुया टोचणारा अधिकारी, कुत्री सोडणारे शेजारी, सगळे धुक्यात जातात आणि उरतो फक्त शहारा. आमच्या तरुणांनी महाडला अशी एखादी फेरी सुरू करावी. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला काय झाले ते आपण दरवर्षी सांगतो. पण त्या तळ्याचा दिवाणी दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला निकाली निघेपर्यंत दहा वर्षे कोणी काय युक्तिवाद केले, हे तिथे उभे राहून किती जणांना सांगता येईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, आम्ही किल्ल्यासमोरच्या पटांगणात गेलो. ज्या जागेजवळ चेटकीण म्हणून स्त्रिया जाळल्या तिथे भिंतीत १८९४ साली बसवलेले एक लहानसे कारंजे आहे. ८ मार्च २०२२ रोजी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. पण कारंज्याजवळची जुनी पाटी तशीच होती. तिच्यात या स्त्रियांचे दोन गट केले आहेत, आपल्या विद्येचा दुष्टपणे वापर करणाऱ्या आणि गैरसमजाला बळी पडलेल्या भल्या. मुलाने पाटी दोनदा वाचली. मग आमच्याकडे वळून म्हणाला, ‘काका, हे तर अजून आरोपच करतायत.’