आंकड्यांतून आवाज

या सदरांत आम्हीं आजवर लोणच्याच्या बरणीपासून मुलांच्या अक्षरवळणापर्यंत अनेक गृहोपयोगी विषयांचा परामर्श घेतला. परंतु विद्युत्-यंत्रांच्या वाटेस आम्ही सहसा गेलों नाहीं. ज्याचें आपणांस पूर्ण ज्ञान नाहीं त्याविषयीं मौन धरावें, हा आमचा जुना नेम. आज तो मोडण्याचें कारण एक लहानशी पेटी, आणि तिच्यामुळें उघडकीस आलेली आमची स्वतःची एक चूक. पेटीची हकीकत वाचकांस उपयोगी पडेल. चुकीची त्याहून अधिक पडेल, अशी आशा आहे.

आमचा नातू नागपुरास शिकतो. मागल्या महिन्यांत तो सुटीकरितां वडशास आला, तेव्हां त्याच्या पिशवींतून एक काळी पेटी निघाली. दोन काड्यापेट्या शेजारीं शेजारीं ठेवाव्या एवढा तिचा आकार. पुढें एक फिरकी, मागें लाल-पांढऱ्या पिनांची भोंकें. "आबा, हा डॅक आहे," तो म्हणाला. पूर्ण नांव डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. आपण त्यास परिवर्तक म्हणूं. किंमत साडेचार हजार रुपये. ती ऐकून माजघरांतून लागलीच प्रश्न आला : "घरांत संगणक आहे, दोन स्पीकर आहेत, मग हें तिसरें कशाला?" प्रश्न रास्त होता. ज्या घरांत बारा माणसें जेवतात तेथें साडेचार हजारांचा जाब कोणी तरी विचारलाच पाहिजे.

उत्तरापूर्वीं हें यंत्र करतें काय तें सांगितलें पाहिजे. ध्वनि म्हणजे हवेचें स्पंदन, व तें अखंड असतें. संगणकांत किंवा फोनांत सांठविलेलें गाणें मात्र अखंड नसतें. ती आंकड्यांची एक लांबच लांब यादी असते. १९८२ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं आमचा गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून निराळा झाला त्याच वर्षीं, सोनी व फिलिप्स या कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली. तींत डाव्या व उजव्या बाजूच्या ध्वनीची उंची प्रत्येक सेकंदास ४४,१०० वेळां मोजून लिहिलेली असते, आणि प्रत्येक मोजणी सोळा स्थानांच्या द्विअंकी संख्येंत बसविलेली असते.

संस्कृताचे संस्कार असलेल्या वाचकांस ही रीत अगदींच परकी वाटूं नये. पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्रांत लघु आणि गुरु या दोनच खुणांवर सर्व वृत्तांचा प्रस्तार मांडला आहे. अष्टि छंदाच्या चरणांत सोळा अक्षरें, म्हणून त्याचे लघु-गुरूंचे प्रकार ६५,५३६. डिस्कवरील ध्वनीच्या पायऱ्याही नेमक्या तितक्याच. दिलेल्या वृत्ताचा प्रस्तारांतील क्रमांक काढणें यास 'उद्दिष्ट' म्हणतात, आणि नुसत्या क्रमांकावरून वृत्त पुन्हां उभें करणें यास 'नष्ट'. ध्वनिमुद्रण करणारें यंत्र उद्दिष्ट साधतें. आमची ही पेटी नष्ट साधते. नाहींसें झालेलें रूप आंकड्यावरून परत आणणें, इतकेंच तिचें काम.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ठिपक्यांच्या रांगोळींत ठिपके जोडतांना रेघ कोठें कोठें मोडते, तसाच आंकड्यांचा आवाजही खडबडीत होत असेल, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें १९४९ सालच्या आपल्या निबंधांत सिद्ध केलें आहे कीं, सर्वांत जलद स्पंदनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणी केली असेल, तर मूळची रेषा जशीच्या तशी परत मिळते. मनुष्याचा कान सेकंदास वीस हजार स्पंदनांच्या पलीकडे ऐकत नाहीं. ४४,१०० हा आंकडा त्याच्या दुपटीहून किंचित् अधिक आहे. तो कां धरला, हें आतां ध्यानांत येईल.

असा परिवर्तक प्रत्येक फोनांत व संगणकांत आधींच बसविलेला असतो. मग बाहेरचा कशास? एक कारण असें कीं, ॲपल कंपनीनें २०१६ सालीं आयफोन ७ मधून हेडफोनची गोल खांच काढून टाकली, व मागाहून इतर पुष्कळ कारखानदारांनीं तोच कित्ता गिरविला. त्यामुळें बाहेरून जोडण्याच्या लहान परिवर्तकांस घरोघर गिऱ्हाईक मिळालें. दुसरें कारण आमच्या प्रत्यक्ष अनुभवाचें आहे, आणि आमची चूक तेथेंच आहे.

१९८६ सालीं आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं घरांतील टेपरेकॉर्डरवर सात कॅसेटी भरल्या होत्या. एकींत आमच्या मातोश्रींच्या भूपाळ्या आणि जात्यावरच्या ओव्या. उरलेल्या सहांत आमचे वडील विद्यार्थ्यांस रघुवंश सांगत, ते पाठ. आमचें स्वतःचें संस्कृत त्याच पाठांवर पोसलेलें. पुढें टेपरेकॉर्डर बिघडला, आई-वडील गेले, बंधूही गेले. कॅसेटी कोनाड्यांत पडून राहिल्या. दोन वर्षांपूर्वीं पुतण्यानें त्यांतील आईची तेवढी कॅसेट नागपुरास नेऊन तिची संगणकीय प्रत करून आणली. आम्हीं ती घरच्या संगणकाला स्पीकर जोडून लावली. आईच्या आवाजाआधीं एक जाड गुणगुण ऐकूं आली. माउस हलविला कीं तिच्यांत चरचर मिसळे, आणि ओवीचा शेवट तर तींत बुडूनच जाई. आमच्या वहिनींनीं थोडा वेळ ऐकलें व म्हणाल्या, "भाऊजी, बंद करा. हें ऐकवत नाहीं."

फीत सडली, असा निकाल आम्हीं दिला. पुतण्या फोनवर म्हणालाही होता कीं, "काका, इथें तर बरी ऐकूं आली." परंतु आम्ही जन्मभर शिक्षक, सांगण्याची संवय दांडगी, ऐकण्याची बेताची. गेल्या दिवाळीच्या आवराआवरींत कोनाडा रिकामा करतांना, एक सडली तर बाकीच्याही सडल्याच असणार, असा तर्क करून त्या सातही कॅसेटी आम्हीं स्वतःच्या हातानें भंगारवाल्याच्या पोत्यांत टाकल्या.

आतां पेटीकडे वळूं. नातवानें ती एका तारेनें संगणकास जोडली. निराळी वीज लागली नाहीं, कांहीं बसवावेंही लागलें नाहीं. मागच्या लाल-पांढऱ्या पिना स्पीकरांना दिल्या, आणि प्रथम कांहींच न लावतां त्यानें आवाज वाढविला. चरचर नाहींशी झाली होती. एक बारीक घरघर शिल्लक होती. संगणक आणि स्पीकर वेगवेगळ्या भिंतींवरील बोर्डांवर होते, ते एकाच बोर्डावर घेतांच तीही गेली. तेव्हां आम्हीं कांहींशा धास्तीनेंच आईची प्रत लावावयास सांगितली.

फितीची स्वतःची सळसळ होती; ती कोणतेंही यंत्र काढणार नाहीं, कारण ती आंकड्यांतच लिहिली गेली आहे. परंतु तिच्यावर आईचा आवाज स्वच्छ उभा होता. जात्याची घरघर निराळी, बांगड्यांचा आवाज निराळा. दोष फितीचा नव्हता. संगणकाच्या आंत अनेक विद्युत्-मंडलें एकमेकांस खेटून असतात, व त्यांची गडबड आंतल्याच स्वस्त परिवर्तकाच्या नाजूक प्रवाहांत शिरते. परिवर्तक पेटाऱ्याबाहेर आला कीं ती पुष्कळशी टळते. आम्हीं साक्षीदारास खोटा ठरविलें, आणि दोष होता दुभाष्याचा.

पेटीविषयीं न्यायानें बोलावें म्हणून आम्हीं तिची परीक्षाही घेतली. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा केला. कारण किंचित् मोठा आवाज कानास नेहमीं सरस वाटतो, आणि विक्रेते याचा लाभ घेतात. मग नातवानें चादरीआड तारा बदलाव्या व आम्हीं ओळखावें, असें ठरलें. संगणकाचा स्वतःचा आवाज व पेटीचा आवाज यांतील भेद आम्हीं दहांपैकीं नऊ वेळां ओळखला. परंतु नातवाच्या जुन्या फोनचा आवाज व पेटीचा आवाज यांत पांच वेळां बरोबर, पांच वेळां चूक. म्हणजे नाणें उडविलें असतें तरी तेंच. तात्पर्य, ज्याच्या फोनांत गोल खांच आहे व आवाज स्वच्छ आहे, त्यानें केवळ आणखी गोडव्याच्या लोभानें पैसे घालूं नयेत.

पेटीच्या खोक्यावर चोवीस स्थानें व १,९२,००० मोजण्या अशीं भारी बिरुदें छापलेलीं आहेत. चोवीस अक्षरांच्या संकृति छंदाचे प्रकार १,६७,७७,२१६ होतात, हें खरें. म्हणून कोणी तितकीं वृत्तें रचून ठेवलीं आहेत असें नाहीं. ध्वनिमुद्रण करणारास या वाढीव स्थानांचा उपयोग आहे. ऐकणारास, त्यांतून आमच्यासारख्या साठी उलटलेल्यास, अति उंच स्पंदनें मुळीं ऐकूंच येत नाहींत. पेटीवरील नांवासही फार भुलूं नये. २०२०च्या ऑक्टोबरांत जपानांत नोबेओका येथील एका कारखान्यास आग लागली, तेव्हां निरनिराळ्या नांवांच्या अनेक पेट्यांचें उत्पादन एकदमच अडलें. कारण आंतली चिप मोजक्याच कारखान्यांतून येते.

एक गोष्ट आम्हीं घरांत नियम म्हणून ठरविली. पेटीस पुढच्या बाजूनें हेडफोन लागतो, आणि तो लागला कीं ऐकणारा माणूस घरांत असून नसल्यासारखा होतो. आमच्या वडशांत ऐकणें ही चारचौघांची गोष्ट आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीचीं नाटकें चालतात. त्यांच्या अनेक संस्थांच्या कचेऱ्या येथेंच आहेत. त्या रंगभूमीची सेवा करणारे श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां सारा मुलूख आनंदला. थंडींत गोधडी पांघरून सबंध गांव एक गाणें ऐकतें, हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास कानांत बोळे घालून एकट्यानें ऐकणें रुचत नाहीं. म्हणून रात्रीं अभ्यास करणारानें हेडफोन लावावा; एरव्हीं स्पीकर ओसरीवर.

त्याच ओसरीवर आम्हीं वहिनींस बोलाविलें. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. कानांनीं मंद झाल्या आहेत. "पुन्हां तेंच का?" असें म्हणतच त्या बसल्या. आईची भूपाळी झाली, ओव्या झाल्या. फितीच्या अगदीं शेवटीं, जें पूर्वीं त्या गुणगुणींत कधीं कोणास ऐकूं आलें नव्हतें, तें ऐकूं आलें. दुरून वडील बोलत होते : "पुरे करा आतां. तिचा घसा बसेल." वहिनींनीं कांहीं न बोलतां पदर डोक्यावर ओढून घेतला. सासऱ्यांच्या देखत त्या नेहमीं तसाच घेत असत.

वडिलांच्या आवाजाचीं तेवढींच सहा पदें आतां आमच्या घरांत उरलीं आहेत. रघुवंशाच्या सहा कॅसेटी आम्हीं स्वतः घालविल्या. भंगारवाल्याकडे जाऊन चौकशी केली. तो भला माणूस, त्यानें पोतीं उलटीं करून दाखविलीं, पण माल केव्हांच पुढें गेला होता.

मुंबईस १९९० सालीं जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांनीं एक संस्था स्थापिली, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. कोणी तरी तीन-तीन मिनिटांच्या त्या तबकड्या झिजल्या म्हणून फेकल्या नाहींत, म्हणून आज आपणांस बालगंधर्व ऐकावयास मिळतात. घरच्या आवाजांना मात्र असा संग्राहक नसतो. तो आपणच व्हावयाचें असतें. तेव्हां वाचकांस आमची विनंति एवढीच : कपाटांत कॅसेटी असतील तर त्यांची प्रत करून घ्या, ती दोन ठिकाणीं ठेवा, आणि प्रत झाल्यावरही मूळ फीत टाकूं नका. आवाज खराब वाटला तर तीच प्रत आधीं दुसऱ्या यंत्रावर, शेजाऱ्याच्या फोनवर कां होईना, ऐकून पाहा. परिवर्तक विकत घ्यावा कीं नाहीं हें मागाहून ठरवा. साडेचार हजार रुपये न घालतांही आमची चूक टळली असती. पुतण्याचें ऐकलें असतें, तर पुरलें असतें.