गावकरी मंडळ आणि मजुरांचा अड्डा

पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या माणसाला पहिला आधार सरकारने दिला नाही, गिरणीमालकानेही दिला नाही. तो गाववाल्यांनी दिला. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतून घाट उतरलेल्या पिढ्यांचा हा इतिहास आहे. एका खोलीत पंधरा-वीस जणांनी राहायचे, खानावळीचा खर्च वाटून घ्यायचा, नव्याने आलेल्याला काम लागेपर्यंत सांभाळायचे आणि कोणी दगावला तर वर्गणी काढून घरी पैसे पोचवायचे. या व्यवहारातूनच गावोगावची मंडळे उभी राहिली.

याच मुलखातील डबेवाल्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली सुरू केलेल्या या कामाला 1956 साली नोंदणीकृत विश्वस्त संस्थेचे रूप मिळाले. मुकादमाच्या टोळीत जमा झालेली मिळकत सभासदांनी सारखी वाटून घ्यावी, हा त्यांचा दंडक आहे. परंतु मार्च 2020 मध्ये लोकलगाड्या थांबल्या आणि परस्पर साहाय्याची मर्यादाही उघडी पडली. सर्वांचीच मिळकत एकदम बुडते तेव्हा कोणी कोणाला सावरावे? अनेकांना गावची वाट धरावी लागली.

ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग माथाडी कामगारांनी दाखविला होता. तेही बहुतांशी घाटावरून आलेलेच. परंतु अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वर्गणीवर समाधान न मानता कायदा मागितला आणि 1969 साली तो मिळविला. मंडळाकडे नोंदणी, मालकाकडून सक्तीची लेव्ही, भविष्यनिर्वाह निधी, उपचाराची सोय. गावकीच्या दयेचे हक्कात रूपांतर झाले ते असे.

आता दृष्टी नारायणगावकडे वळवावी. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या पट्ट्याचे अर्थकारण पालटले. टोमॅटो आणि द्राक्ष आले, बाजार फुगला. माणसे धाडणारा मुलूख माणसे बोलावणारा झाला. पश्चिमेच्या डोंगरी पट्ट्यातील ठाकर व महादेव कोळी कुटुंबे तोडणीला, बांधणीला येतात, परप्रांतीयही येतात. धरणाने ज्यांचा डोंगर बुडविला आणि धरणाने ज्यांचे शिवार भिजविले, ते दोघे एकाच बांधावर मजूर आणि मालक म्हणून उभे राहतात. मुंबईत ज्यांच्या वडिलांना गाववाल्यांनी खोलीत जागा दिली, त्यांच्या शेतावर हा मजूर पालाखाली राहतो. त्याचे मंडळ कोठे आहे?

कायद्यानेही त्याला वाऱ्यावर सोडले. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडून ठेकेदारामार्फत गेलेल्यांपुरता होता. अकोल्याहून जुन्नरला आलेली बाई त्यात बसतच नव्हती.

बागायतदार म्हणेल, टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची पाळी येते तेव्हा मजुरी कोठून वाढवावी? तक्रार खोटी नाही. परंतु भाव पाडणारा मजूर नव्हे. भावातील तोटा मजुरीतून वसूल करणारा शेतकरी बाजारातील आपली लढाई सोडून देतो आणि आपल्याहून दुबळ्याशी लढतो. रास्त भाव आणि रास्त मजुरी या मागण्या एकाच फलकावर लिहिल्या पाहिजेत.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. हंगामाच्या आरंभी मजुरांची नोंदणी करावी. निवारा, पाणी व शौचालये यांसाठी बाजार समितीने आपल्या उत्पन्नातून तरतूद करावी, असा आग्रह धरावा. शिधापत्रिकेवरील धान्य इथेच मिळावे, मुलांना जवळच्या शाळेत बसता यावे. माथाडी मंडळाच्या धर्तीवर शेतमजुरांचे मंडळ मागावे. आणि त्याचे पदाधिकारी बागायतदारांची मुले नसावीत. पालातलीच माणसे असावीत.

गावकरी मंडळाची पुण्याई मोठी आहे. ती सभागृहातील तसबिरींत साठविण्याची वस्तू नाही. दाराशी आलेल्या परक्याला संघटित होऊ देण्यातच तिची कसोटी आहे.