चालक उतरला, जबाबदारी कोणाच्या शिरावर?

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या टेंपी शहरात १८ मार्च २०१८ रोजी रात्री सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारीने धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. स्वतः चालणाऱ्या मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही जगातील पहिली घटना मानली जाते. मोटार चाचणीसाठी रस्त्यावर आणलेली होती आणि देखरेखीसाठी नेमलेली एक कर्मचारी चालकाच्या जागेवर बसलेली होती. त्यानंतर जे घडले त्याचा विचार केल्याशिवाय चालकविरहित वाहनांच्या सुरक्षिततेविषयी बोलणे व्यर्थ आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये या अपघाताविषयीचे आपले निष्कर्ष जाहीर केले. यंत्राला ती स्त्री धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. परंतु समोर आहे ते वाहन, सायकल की अन्य एखादी वस्तू, याविषयी यंत्राचा निर्णय पुन्हा पुन्हा बदलत राहिला. झेब्रा पट्टे सोडून अन्यत्र कोणी रस्ता ओलांडील, ही शक्यताच यंत्राच्या रचनेत धरलेली नव्हती. मूळ मोटारीत आपत्कालीन ब्रेकची जी सोय होती, ती संगणकाच्या हाती सूत्रे असताना बंद ठेवण्यात येत असे. पूर्वी अशा मोटारीत दोन कर्मचारी असत. कंपनीने त्यांतील एक कमी केला होता. राज्याची देखरेखही अपुरी होती. मोटारीतील कर्मचारी मोबाईलवर कार्यक्रम पाहत होती आणि तिचे रस्त्याकडे लक्ष नव्हते, हेही मंडळाने स्पष्टपणे नोंदविले.

दोष असा अनेकांचा होता. खटला मात्र एकीवरच झाला. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असा निर्णय सरकारी वकिलाने २०१९ मध्येच दिला. कर्मचाऱ्यावर २०२० मध्ये आरोप ठेवण्यात आला. २०२३ मध्ये तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिचा अपराध झाकण्याचे कारण नाही. परंतु जे यंत्र बहुतेक वेळ आपोआप चालते, त्याच्याकडे एकट्या माणसाने तासन् तास टक लावून बसावे, ही कामाची पद्धत कोणी ठरविली? ब्रेक बंद ठेवण्याचा आणि दुसरा कर्मचारी काढण्याचा निर्णय कोणाचा? निर्णय वर घ्यायचे आणि त्यांची किंमत खालच्या पगारदाराने मोजायची, ही कारखानदारीची जुनी रीतच नव्या यंत्राबरोबर रस्त्यावर उतरली आहे.

माणूस मोटारीतून पूर्णपणे उतरला की ही जबाबदारी आणखी निसटती होते. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दुसऱ्या मोटारीची धडक बसून पडलेली एक स्त्री क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीखाली आली. टॅक्सी थांबली, पण पुन्हा निघून कडेला जाताना तिने त्या स्त्रीला सुमारे २० फूट फरफटत नेले. त्याच महिन्यात कॅलिफोर्निया राज्याने कंपनीचे परवाने स्थगित केले. या अपघातासंबंधी केंद्रीय यंत्रणेकडे खोटा अहवाल दिल्याचे कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केले आणि ५ लाख डॉलरचा दंड स्वीकारला. पुढच्याच महिन्यात तिची मालक जनरल मोटर्सने या धंद्यातून अंग काढून घेतले. सॅन ब्रुनो येथे सप्टेंबर २०२५ मध्ये पोलिसांनी बेकायदा वळण घेणारी अशीच एक टॅक्सी अडविली, तेव्हा दंडाची पावती कोणाच्या नावे फाडावी हाच प्रश्न पडला; कारण आत चालक नव्हता.

यंत्राला शत्रू मानणे हा समाजवादी विचार नव्हे. यंत्र मद्य घेत नाही, त्याला झोप येत नाही. वेमो कंपनीच्या टॅक्सींमुळे माणसे जखमी होण्याचे प्रमाण मानवी चालकांच्या तुलनेत कमी असल्याचे तिने प्रसिद्ध केलेले आकडे दाखवितात. हे खरे ठरले तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ज्याचा माल त्यानेच तो तोलावा, हा न्याय बाजारातील किराणा दुकानालाही लागू होत नाही. मग माणसांच्या जिवाला तो कसा लागू करावा? वाहनांच्या नोंदी सार्वजनिक यंत्रणेच्या ताब्यात असल्या पाहिजेत आणि त्यांची तपासणी स्वतंत्र तज्ज्ञांकडून झाली पाहिजे.

भारतात चालकविरहित वाहनांना परवानगी देणार नाही, त्यामुळे ७० ते ८० लाख चालकांचे काम जाईल, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे सांगितले. भूमिका योग्य आहे. परंतु मंत्र्याचे आश्वासन म्हणजे कायदा नव्हे. मंत्री बदलतात आणि भांडवलाचा रेटा कायम राहतो. शिवाय चालकाची नोकरी राखण्याची भाषा करणारे शासन त्याला प्रत्यक्षात कसे वागविते, हेही पाहिले पाहिजे. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता आणि तो २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला ८ तासांच्या कामाची मर्यादा होती. ती कागदावरच राहिली. उलट अपघात करून पोलिसांना न कळविता निघून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैद देणारे कलम भारतीय न्याय संहितेत घालण्यात आले. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशभर ट्रकचालकांनी चाके थांबविली, तेव्हा कोठे सरकारने ते कलम लांबणीवर टाकले. स्टिअरिंगवर माणूस असेल तर त्याला १० वर्षे आणि नसेल तर कोणालाच काही नाही, असा कायदा कोणत्या न्यायात बसतो?

२०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत जवळजवळ एकपंचमांश पायी चालणारे होते आणि दोनपंचमांशांहून अधिक दुचाकीवरचे. पट्ट्यांबाहेर रस्ता ओलांडणारा माणूस टेंपीच्या यंत्राने गृहीतच धरला नव्हता. महाराष्ट्रातील बहुसंख्य गावांत आणि शहरांत तर पट्टेही नाहीत आणि पदपथही नाहीत. येथे सुरक्षिततेचा आरंभ यंत्रापासून करता येणार नाही. पदपथ, सार्वजनिक बससेवा आणि चालकाला पुरेशी विश्रांती यांपासूनच तो करावा लागेल.

उत्तरदायित्वाचा मार्ग अगदीच अज्ञात आहे असेही नाही. ब्रिटनच्या संसदेने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार मोटार स्वतः चालत असताना ती कशी चालली याची जबाबदारी आत बसलेल्या माणसाची नसून मान्यताप्राप्त कंपनीची आहे. भारतात चाचणीचे पहिले वाहन रस्त्यावर येण्यापूर्वीच असा कायदा झाला पाहिजे. निर्णय घेणाऱ्या संचालकांपर्यंत फौजदारी जबाबदारी पोचली पाहिजे. ज्यांचे काम जाईल त्यांच्या पर्यायी रोजगाराचा खर्च नफा घेणाऱ्यांकडून वसूल झाला पाहिजे. रिक्षा, टॅक्सी, ट्रक आणि एस. टी. कामगारांच्या संघटनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न दूरचा समजू नये. वाहने रस्त्यावर आल्यानंतर मागण्या करण्यापेक्षा, ती येण्यापूर्वीच त्यांच्या अटी ठरविण्यात कष्टकऱ्यांचे हित आहे.