वशिला, चहापाणी आणि देणगी

आपल्या भाषेची श्रीमंती कवितेत पाहावी, असे मराठीच्या तासाला सांगितले जाते. मला ती सरकारी कचेरीच्या व्हरांड्यातही दिसली. कारकुनाच्या हातावर दोनशे रुपये ठेवले की ते 'चहापाणी'. पुढाऱ्याची चिठ्ठी नेली की तो 'वशिला'. कंत्राटदाराने दिवाळीला साहेबांच्या घरी मिठाईचा पुडा आणि त्यासोबत आणखी काही पाठवले की ती 'भेट'. आणि मोठ्या कंपनीने राजकीय पक्षाला काही कोटी रुपये दिले की ती 'देणगी'. रक्कम वाढत जाते तसतसा शब्द सोज्ज्वळ होत जातो. चहापाणी घेणारा सापडला तर निलंबित होतो; देणगी घेणारा व्यासपीठावर बसतो. या दोहोंत खरोखर फरक आहे काय, आणि असलाच तर तो कोणता, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, हे आमच्या घराला गेल्या वर्षी प्रथम कळले. त्या एका कागदासाठी माझ्या वडिलांनी शेतातली कामे टाकून तालुक्याला पाच खेटे घातले. अर्ज बिनचूक होता, कागद जोडलेले होते, पावतीवर मुदतसुद्धा छापलेली होती. "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या," एवढेच उत्तर मिळे. बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी त्यांना कळवळ्याने विचारले, "काका, आत कुणाशी ओळख नाही का तुमची?" वडिलांनी नुसती मान हलवली. पुढे दाखला मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. पण तो प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही. ज्याची ओळख नाही त्याच्या वाट्याला सरकारची खिडकी येते. ज्याची ओळख आहे त्याच्यासाठी दार असते.

आमच्यासारख्यांचे सरकारशी नाते अर्जापुरते. मोठ्या उद्योगांचे तसे नसते आणि तसे असूही शकत नाही. कारखाना काढावयाचा तर जमीन, पाणी, वीज, कर्ज, परवाना अशा प्रत्येक वळणावर सरकार भेटते. एका आदेशाने धंदा तरतो, दुसऱ्याने बुडतो. तेव्हा उद्योगपतींनी सरकारशी बोलूच नये असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कामगारांच्या संघटना बोलतात, शेतकऱ्यांच्या संघटना बोलतात, तसे त्यांनीही बोलावे. बोलण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते बोलणे कोठे झाले, कोणी ऐकले, आणि बोलता बोलता टेबलाखालून काय सरकले, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न जुना आहे. १९५७-५८ च्या सुमारास तो एकाच न्यायाधीशापुढे दोन रूपांनी आला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हे ते न्यायाधीश. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात यासाठी आपल्या घटनापत्रकात बदल करावयाचा होता आणि त्याला न्यायालयाची संमती लागत होती. १९५७ मध्ये ते प्रकरण छागलांसमोर आले. त्या वेळच्या कायद्यात अशा देणगीला मनाई नव्हती, म्हणून त्यांनी संमती नाकारली नाही. परंतु ही प्रथा वाढत गेली तर लोकशाहीचाच श्वास कोंडेल, असा इशारा देऊन त्यांनी संसदेचे लक्ष या गोष्टीकडे वेधले. १९६० मध्ये कायदा दुरुस्त झाला. देणगीवर मर्यादा आली आणि ती हिशेबात दाखवण्याचे बंधन आले.

दुसरे प्रकरण मुंदडा प्रकरण म्हणून प्रसिद्ध आहे. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्याच्या तिजोरीतला पैसा म्हणजे शाळामास्तर, कारकून, पोस्टमन यांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते. १९५७ मध्ये त्यातील सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांमधून विकत घेतले गेले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेही गेले नाही. फिरोज गांधींनी लोकसभेत या व्यवहाराला वाचा फोडली. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई होते, हे विशेष. चौकशीचे काम छागलांकडे आले. त्यांनी ती बंद खोलीत न करता मुंबईत उघड्यावर केली. आत जागा पुरेना म्हणून बाहेरच्या गर्दीसाठी ध्वनिक्षेपक लावले गेले. काही आठवड्यांत चौकशी संपली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात एक कंपनी पुढच्या दाराने आली. आम्हाला पक्षाला पैसे द्यावयाचे आहेत असे तिने न्यायालयात सांगितले, आणि म्हणून त्यातला धोका न्यायाधीशाला बोलून दाखवता आला. दुसऱ्यात एक माणूस मागच्या दाराने आत गेला, आणि हप्ते भरणाऱ्या लाखो लोकांना त्याचा पत्ताही नव्हता. ज्या देण्याघेण्याकडे लोकांना पाहता येते त्यावर टीका करता येते, ते आवरता येते. जे दिसतच नाही त्याचे काय करावयाचे?

पुढचा इतिहास म्हणजे हेच दार उघडण्याचा आणि लावण्याचा इतिहास आहे. १९६९ मध्ये कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर संपूर्ण बंदी आली. कानाला हे फार गोड लागते. पण त्याच काळात परवान्याशिवाय कारखाना काढता येत नव्हता की वाढवता येत नव्हता. म्हणजे मंत्र्याची मर्जी तर हवीच होती, फक्त उघड देणगीची वाट बंद झाली. मग काळा पैसा चोरवाटेने वाहू लागला. १९८५ मध्ये ही बंदी उठवून नफ्याच्या काही टक्क्यांपर्यंत देणगीला पुन्हा मुभा देण्यात आली.

या परमिटच्या काळाची एक गोष्ट तर आपल्या महाराष्ट्राचीच आहे. आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण सिमेंट तेव्हा नियंत्रित होते. घर बांधायचे तर सरकारी वाटपाची वाट पाहावी लागे, नाहीतर काळ्या बाजारात जावे लागे. ऑगस्ट १९८१ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी संबंधित प्रतिष्ठानांकडे जाणाऱ्या देणग्यांची हकिकत छापली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी बिल्डरांना मिळालेले सिमेंट आणि प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परांशी संबंध असल्याचा निष्कर्ष काढला, आणि अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. फौजदारी प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन वर्षानुवर्षे चालले, तो विषय वेगळा. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, प्रतिष्ठानाचा जाहीर हेतू चांगलाच होता. कलावंतांना आणि साहित्यिकांना साहाय्य करावयाचे, याला कोण नाही म्हणेल? परंतु ज्याच्या हाती टंचाईची वस्तू आहे त्याच्याच झोळीत दान पडू लागले, तर त्या दानाची किंमत होते. देणाऱ्याचा हेतू काय, घेणाऱ्याचा काय, हे तपासत बसण्याची गरजच उरत नाही.

सिमेंटवरचे नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. १९९१ नंतर परवाना-राज्य मोडीत निघाले. तेव्हा हा रोगही संपला असे कोणी म्हणेल. पण टंचाई सिमेंटची संपली. मर्जीची संपली नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले, तर २०१४ मध्ये कोळशाच्या खाणींची दोनशेहून अधिक वाटपे. सरकार जे वाटते त्याची नावे बदलली, इतकेच.

आणि मग निवडणूक रोखे आले. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली आणि कोणत्या पक्षाला दिले हे हिशेबात सांगण्याचे बंधनही गेले. जानेवारी २०१८ मध्ये योजना लागू झाली. भारतीय स्टेट बँकेतून रोखे घ्यावयाचे आणि पक्षाला द्यावयाचे, नाव गुप्त. काळ्या पैशाला आळा बसेल, देणगीदाराला कोणाचा रोष पत्करावा लागणार नाही, असे समर्थन होते. या समर्थनात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. पैसा बँकेतून जात होता हे खरेच. पण एकूण १६ हजार ५०० कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले आणि मतदाराला मात्र एकाही देणाऱ्याचे नाव कळू शकत नव्हते. छागलांनी ज्याची भीती व्यक्त केली त्यापेक्षाही हे पुढचे होते. तेव्हाची देणगी निदान दिसत तरी होती.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा. मार्च २०२४ मध्ये याद्या प्रसिद्ध झाल्या. सर्वांत जास्त, म्हणजे १,३६८ कोटींचे रोखे घेणारी कंपनी लॉटरीच्या धंद्यातली निघाली. लॉटरी हा धंदाच मुळी सरकारच्या परवानगीवर चालतो. यादीतील काही कंपन्यांना कंत्राटे मिळाली होती, काहींवर तपास यंत्रणांचे छापे पडले होते. अर्थात दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही, आणि विशेष तपास पथक नेमण्याची मागणी न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली. पण निदान प्रश्न विचारण्याइतका उजेड तरी पडला. तो सहा वर्षे उशिरा पडला. दरम्यान एक लोकसभेची आणि कितीतरी विधानसभांच्या निवडणुका होऊन गेल्या.

तर मग चहापाणी आणि देणगी यांत फरक तो कोणता? माझे मत असे, की रकमेचा फरक खरा नव्हे, शब्दाचा तर नव्हेच. देणाऱ्याचे काम घेणाऱ्याच्या हाती आहे काय, काम कसे व्हावे हे नियमाने ठरते की मर्जीने, आणि बाहेर बसलेल्या माणसाला हा व्यवहार पाहता येतो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. यांची उत्तरे वाईट आली तर ती देणगी चहापाणीच समजावी, मग ती धनादेशाने दिलेली का असेना.

विद्यार्थिमित्रहो, हा विषय दिल्ली-मुंबईचा आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. आपल्यापैकी पुष्कळजण स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागलेले आहेत. माझ्यासारख्या मुलीला उद्या सरकारी खुर्ची मिळाली तर गावाला आनंद होईल, आणि त्यातला अर्धा आनंद 'आता आपली ओळख झाली' याचा असेल. ज्यांनी जन्मभर खिडकीबाहेर ताटकळत काढले त्यांना आपले माणूस आत असावेसे वाटले, तर त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? परंतु त्यांच्यासाठी मी मागचे दार उघडले, तर उद्या थैलीवाल्यासाठी ते लावण्याचा अधिकार मला उरणार नाही. दार एकच असते, आणि त्यातून आधी जाणारा नेहमी बलवान असतो.

माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, लोकसेवा हक्काचा कायदा आपल्या राज्यात २०१५ पासून आहे. हे कायदे परीक्षेपुरते पाठ करून आपण विसरतो. त्यांतला एक तरी अर्ज प्रत्येकाने पदवी घेण्यापूर्वी करून पाहावा; आपल्या गावच्या रस्त्याचे कंत्राट कोणाला आणि कशाच्या आधारे मिळाले, एवढे जरी विचारले तरी पुष्कळ झाले. उत्तर येईल किंवा येणार नाही. पण कोणीतरी पाहत आहे, हे आतल्या माणसाला कळेल.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला