मिरचीचे बीज आणि आनुवंशशास्त्र

परभणी जिल्ह्यात मिरचीचे पीक घेणाऱ्या शेतकऱ्याची खरी कसोटी बाजारात नव्हे, तर लागणीनंतर थोड्याच आठवड्यांत लागते. शेंड्याची पाने आखडून वळू लागली की बोकड्या आला, हे तो ओळखतो व फवारणीचा पंप पाठीस लावतो. फुलकिडे वा कोळी यांनी रस शोषल्याने पाने आखडली असतील, तर फवारणीचा उपयोग होतो. परंतु पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू एकदा झाडात शिरला म्हणजे कोणतेही औषध त्यास बाहेर काढू शकत नाही. या रोगाचा टिकाऊ उपाय बियाण्यातच शोधावयास हवा.

बीजसुधारणेचे कार्य नवे नाही. 'एन. पी. ४६ अ' व 'पुरी रेड' यांच्या संकरातून 'पुसा ज्वाला' निर्माण झाली. परभणीस १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाने 'परभणी तेजस' हा वाण दिला. मात्र जुन्या रीतीत झाड फळावर येईपर्यंत व रोगाची साथ पडेपर्यंत निवडीसाठी थांबावे लागे. २०१४ मध्ये मिरचीच्या बारा गुणसूत्र-जोड्यांवरील जनुकांची समग्र मांडणी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. ज्या गुणाच्या जनुकाची खूण ठाऊक आहे, तो गुण आता रोपवाटिकेतील रोपाच्या पानावरून पारखता येतो. अर्थात अंतिम निर्णय शेतातच व्हावयाचा.

या ज्ञानाचा लाभ कोणास व्हावा, हा खरा प्रश्न होय. संकरित वाणात प्रतिकारशक्ती लवकर आणता येते व उत्पन्नही अधिक मिळते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या बियांपासून पुढील पिढीत गुण विखुरतात व दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. कोरडवाहू व अल्पभूधारक शेतकऱ्यास हा भार पेलत नाही. यास्तव सार्वजनिक संस्थांनी प्रतिकारक्षमतेची जनुके प्रथम सरळ वाणांत आणावीत, हेच न्याय्य ठरेल. गावोगावच्या जुन्या मिरच्यांचे बीजही जतन व्हावे. कारण उद्या लागणारा गुण त्यांतच दडलेला असू शकेल.

शेतकरी बंधूंचेही यात कर्तव्य आहे. मिरचीत कीटकांमुळे परपरागीभवन बरेच होते. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटापासून अन्य वाण किमान २०० मीटर दूर ठेवण्याचा नियम त्यासाठीच आहे. घरचे बी धरणाऱ्याने हे अंतर राखावे. ते शक्य नसल्यास निवडक निरोगी झाडांच्या कळ्या उमलण्यापूर्वीच पातळ कापडाच्या पिशवीने झाकाव्यात. प्रयोगशाळेत लाभलेला गुण शिवारात राखला गेला, तरच तो पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचेल.