सांधलेले मांस आणि पाकिटावरचे नाव

सिडकोने वसवलेल्या उलव्यात आगरी-कोळी वस्तीतला ताज्या मासळीचा व्यवहार आणि नव्या संकुलांतला गोठवलेल्या पाकिटांचा व्यवहार शेजारी नांदत असल्याने, डोळ्यांसमोर कापलेल्या मटणाची जुनी खात्री हळूहळू छापील नावावर येऊन ठेपते, आणि सांधलेल्या मांसाचा प्रश्न नेमका तिथे उभा राहतो. ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर, म्हणजे प्रथिनांच्या रेणूंना एकमेकांशी घट्ट बांधणारा जैविक पदार्थ, किरकोळ तुकड्यांतून अखंड दिसणारा तुकडा घडवते. ते विषारी नसते. परंतु अखंड मांसाच्या पृष्ठभागावर राहून आचेने मरणारे जिवाणू सांधणीमुळे आत जातात, म्हणून अर्धकच्च्या स्टेकमध्ये धोका वाढतो, तर तासभर रटरटणाऱ्या मटणाच्या रश्श्यात तो फारसा उरत नाही. खरा तंटा प्रामाणिकपणाचा आहे. रक्तातील थ्रॉम्बिनने मांस सांधण्याची परवानगी युरोपीय संसदेने 2010 मध्ये नाकारली, ती प्रामुख्याने ग्राहकाची दिशाभूल होईल या कारणाने. कोकणाला या सांधणीचा सौम्य अवतार परिचित आहे: राणी माशाचे मांस धुऊन, मीठ घालून मळले की त्याची सुरिमी ही चिवट लगदी बनते, आणि तिच्यापासून खेकड्याच्या चवीच्या कांड्या तयार होतात. माशाचे नाव लेबलावर असेल तर त्यात लबाडी नाही, आणि नसेल तर 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 52 नुसार मिथ्याछाप अन्नासाठी 3 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अर्थात कुणी ते बारीक अक्षर वाचून तक्रार केली तर.